फळ्यावरचा वाघ

शेजारच्या घरात कुणाचं तरी डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज आला, की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता ना? खरं सांगा.

पाचवीच्या बाईंना तो आवाज ओळखीचा. नवऱ्यानं त्यांचंच डोकं इतकं आपटलं, की डावा कान कायमचा गेला. घर सोडून त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. वर्गात त्यांची एक खोड होती. फळ्यावर सगळ्यांनी मिळून गोष्ट लिहायची, पण आपलं वाक्य आपण लिहायचं नाही. एकानं सांगायचं, शेजारच्यानं लिहायचं. "नाहीतर ऐकायला कधी शिकणार, बडबड्यांनो?"

त्या दिवशी फळ्यावरच्या गोष्टीत वाघ न्हाव्याकडे दाढी करायला गेला होता. पोरं खिदळत होती. मग सांगायला वेल्डरच्या पोरीचा नंबर आला. ही कधी तोंडच उघडत नसे, म्हणून तिचं नाव मुकी. ती शेजारणीच्या कानात पुटपुटली. शेजारीण डावरी. तिनं तिरक्या अक्षरात लिहिलं: 'घरी येऊन वाघाने वाघिणीचं डोकं भिंतीवर आपटलं. म्हणाला, विचारलं तर जिन्यावरून पडले म्हणून सांग.'



वेल्डर नेमका दारात उभा. खिडक्यांना गज बसवायला शाळेनंच बोलावलेला. त्यानं वाचलं, आणि खडू हातात असलेल्या डावरीचे केस धरले.

"कुणी सांगितलं तुला हे? बोल!"

"वाघानं," डावरी म्हणाली.

फाडकन थोबाडीत बसली. नाकातून रक्त आलं. बाई मध्ये पडल्या, तसा त्याच्या हातातला गज त्यांच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. बाईंनी डाव्या हातानं खुर्ची उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणली. "लेकरांना हात लावतोस, मेल्या?"

तो कोसळला, पुन्हा उठला, गज उगारला. आता मुकी उठली. पडलेला खडू तिनं उचलला आणि बाईंचा नियम मोडून स्वतःच्या हातानं लिहिलं: 'आमच्या घरी जिना नाही.'

गज तसाच हवेत राहिला. तेवढ्यात शिपायानं त्याला मागून कवेत धरलं.

मुख्याध्यापक धावत आले आणि आधी काय केलं? फळा पुसला! आता बाई निलंबित आहेत, खुर्ची मारली म्हणून. मुकीची आई अजून म्हणते, जिन्यावरून पडले. पोरगी रोज त्याच घरात झोपते.

सोमवारी शाळेत बाईंची चौकशी आहे. मुकीच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्यांनो, या. जे ऐकलंत तेवढं सांगा. लिहून घ्यायला डावरी आहे.