गुडघ्याचा विसर

माझे सांधे जन्मापासून सैल. सरळ उभी राहिले की गुडघे मागच्या बाजूला वाकतात. मेहरूणच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं, "व्यायाम करताना गुडघ्याचा विचारच करायचा नाही. पायाने फरशी दाबायची आणि समोर कुठेतरी बघायचं." मी समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले उडदाचे पापड निवडले. खरंच, त्यांच्याकडे बघितलं की गुडघा जागेवर राहायचा.

पण घरच्यांना कोण सांगणार? नवरा जाता-येता म्हणतो, "गुडघा सांभाळ." धुळ्याहून आलेली अक्का, म्हणजे माझी मोठी नणंद, समोर खुर्ची टाकूनच बसते. "तुना गुडघा मांगे जाई ऱ्हायना." ती बोलते आणि तो खरंच मागे जातो. सांगून सांगून मी थकले. यांच्या काळजीनेच मी एक दिवस लंगडी होणार.

काल दोघं बाजारात गेली. मी दार लावलं, एका पायावर उभी राहिले, पापडांवर नजर ठेवली. इतकं छान जमलं की आपल्याला गुडघे आहेत हेच विसरले. तेवढ्यात फोन वाजला. पाय न हलवता उचलला. फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. अगदी प्रेमाने विचारत होत्या, "काय म्हणतोय गुडघा?"