भोईरबाईंचा उभा वर्ग

रोज सकाळी पावणेसातला विनिता भोईर हातात खळीची वाटी घेऊन वर्गात शिरायच्या. शिपाई चिंधूमामा घरून मैद्याची खळ शिजवून आणायचे आणि बाई ती बोटानं लावून चोवीस चिठ्ठ्या भिंतींवर चिकटवायच्या. एखाद्या दिवशी अ-एक दाराशी, अ-दोन फळ्याखाली, ब-तीन खिडकीपाशी, आणि शेवटची बाहेर व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपावर. बारा वाजता तास संपले की त्याच चिठ्ठ्या ओल्या फडक्यानं काढायच्या, कारण दुपारी त्या खोलीत आठवीचा वर्ग भरायचा. तीन वर्षं हे असं चाललं. भिंतीवर रंगानंच आकडे का काढत नाही, असं चिंधूमामांनी एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, मग पोरं पाठ करतील आणि जागेवरून उत्तरं देतील. चिठ्ठीची जागा रोज बदलली तरच पाय हलतात.

वर्ग होता अकरावी-बारावीच्या किमान कौशल्य अभ्यासक्रमाचा, विषय खरेदी आणि भांडार व्यवस्थापन. पोरं त्याला नुसतं 'स्टोअर' म्हणायची. दोन हजार चार साल असेल. भिवंडीच्या गल्ल्यांत लूमची, यंत्रमागांची, खटखट होतीच, पण गावाबाहेर गोदामं उठत होती. अंजूरला बाईंचं माहेर. तिथली भाताची खाचरं एकेक करून पत्र्याच्या छपराखाली जात होती. त्या गोदामांत माल घेणारी, लावणारी, काढून देणारी माणसं हवी होती, आणि ती माणसं या खोलीतून तयार व्हायची होती. बाईंना ही नोकरी लागली तेव्हा त्यांच्या वडिलांनी वाडीभर सांगितलं होतं, पोरीला खुर्ची भेटली.

सुरुवातीला बाईही खुर्चीत बसूनच शिकवायच्या. पोरं बाकांवर चार तास बसून लिहून घ्यायची, आणि दहा वाजले की माना लवायच्या. अर्धी पोरं पहाटे उठून घरच्या लूमवर हात लावून आलेली, कुणी सुताच्या कांड्या भरून आलेली. एकदा बाईंनी हितेश नावाच्या पोराला खडू आणायला पाठवलं. तो परत आला तेव्हा सबंध वर्गात तो एकटाच नीट जागा होता. हे त्यांनी पाहिलं, पण मनावर मात्र घेतलं नाही. घेतलं ते नंतर, जेव्हा पहिल्या तुकडीतली दोन पोरं गोदामातल्या प्रशिक्षणातून चौथ्या दिवशी परत आली. तिथल्या सुपरवायझरनं फोनवर सांगितलं की पोरांचं अक्षर सुरेख आहे, पण अकरा वाजता बसायला स्टूल शोधतात, आणि माल कुठं आहे विचारलं की रजिस्टर उघडतात.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात बाईंनी मधली बाकं भिंतीला लावली. आठच बाकं जागेवर राहिली. दहा मिनिटं बसून लिहायचं, मग मागणीचा कागद घेऊन उठायचं. चार भिंती म्हणजे गोदाम, दार म्हणजे मालाची गाडी. कागदावर बारा वस्तू, प्रत्येकीपुढे चिठ्ठीचा आकडा; त्या चिठ्ठीवर माल किती आहे ते भिंतीपाशी जाऊन वाचायचं, टिपायचं, दाराशी यायचं. जुना माल आधी काढायचा हा धडा आला की पोरंच गोण्या व्हायची, प्रत्येकाच्या छातीवर तारीख. हितेश पुढे घुसला की मागून कुणी म्हणायचं, ए गोणी, तुझा नंबर दिवाळीनंतर.

प्राचार्यांना हा गोंधळ वाटला. त्यांनी बंदी घातली नाही, फक्त एक अट सांगितली. पालकाची एक लेखी तक्रार आली की बाकं पुन्हा जागेवर.

ती तक्रार गल्लीच्या पलीकडून येऊ घातली. समोरच्या इमारतीत माजिदाबी राहायच्या. गॅलरीत कपडे वाळत घालताना त्यांना वर्गाची खिडकी दिसायची आणि खिडकीपाशी उज्मा दिसायची. उज्मा त्यांच्या ओळखीतली, कासमभाईंची मधली मुलगी. रोज बघावं तर पोर भिंतीकडे तोंड करून उभी. कधी या भिंतीला, कधी त्या. भिंतीकडे तोंड करून उभं करतात कुणाला, हे शाळेत गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. माजिदाबींनी आठवडाभर पाहिलं आणि उज्माच्या आईला हळूच सांगितलं. आईनं उज्माला विचारलं, कॉलेजात तुला बसू देत नाहीत का? उज्मा अजाणता म्हणाली, बसतो की, पण थोडंच.

कासमभाई दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून थेट कॉलेजात आले. भुवयांत सुताचे पांढरे कण तसेच होते. मधल्या सुट्टीत पोरं खाली गेली होती आणि बाई एकट्याच वर्गात होत्या.

"मॅडम, उज्माचा दाखला पाहिजे."

बाईंनी खुर्ची पुढे केली. "आधी बसा तर."

"रात्रभर उभाच होतो. अजून दहा मिनटांनी काय होतंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिनं काय गुन्हा केला तेवढं सांगा. आठवडा झाला, पोर रोज भिंतीला उभी."

बाईंना आधी समजलंच नाही, आणि समजलं तेव्हा हसूही आलं नाही. ही शिक्षा नाही, सगळाच वर्ग असा शिकतो, हे त्यांनी सांगायला घेतलं. पोरं आखडून जातात, झोपतात, पुढे कामाला टिकत नाहीत, म्हणून उभं राहायची, फिरायची सवय लावतेय. कासमभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"उभं राहायला शिकवता? भिवंडीत?" ते म्हणाले. "मग माझ्याकडे धाडा सगळ्यांना. मी फुकट शिकवतो." मग बाईंकडे बघत, "बावीस वर्षं मी बारा-बारा तास उभा हाय, मॅडम. ती बसावी म्हणून इथं धाडली."

वाडीभर खुर्चीची बातमी सांगत फिरणारे आपले वडील बाईंना आठवले. ज्या गावात शिकणं म्हणजे बसायला मिळणं, त्या गावात आपण पोरांना उठवतोय, हे इतक्या सरळ कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. उज्मा गेली तर आणखी दोन-तीन मुलींचे वडील येतील, हे उघड होतं. बाकं उद्याच जागेवर लावता येतील, असंही मनात येऊन गेलं. पण खाली सुट्टी संपल्याची घंटा झाली, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "दाखला मी अडवत नाही. पण एक तास दाराशी उभं राहून बघा. मग सांगाल तसं."

कासमभाई दारामागे उभे राहिले. उज्मानं त्यांना पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी बारा वस्तूंची मागणी होती. पहिला हितेश सुटला. जी वस्तू वाचली तिच्याकडे धावायचा, परत यायचा, पुढची वाचायचा, पुन्हा धावायचा. खोलीच्या पार टोकापर्यंत तीनदा जाऊन आला आणि दाराशी धापा टाकत टेकला. पोरं म्हणाली, गाडी निघून गेली रे, ड्रायव्हर झोपला वाट बघून. मग उज्मा. तिनं कागद आधी शेवटपर्यंत वाचला, काहीतरी खुणा केल्या, आणि दारापासून भिंतीच्या कडेनं चालू लागली. धावली नाही. खिडकीपाशी वळली, फळ्याखालून पुढे गेली. मात्र ब-तीन विसरली होती, म्हणून मधूनच उलटी फिरली.

"ए, उलटं न्हाय फिरायचं."

सगळा वर्ग दाराकडे वळला. कासमभाईंनाही आपण बोललो हे उशिरा कळलं असावं. पण आता बोलून झालं होतं. ते आत आले, मुलीच्या हातातला कागद न घेताच तिच्या शेजारी उभे राहिले.

"चार लूम सांभाळतो मी," ते वर्गाला म्हणाले, बाईंना नाही. "एकाची तार तुटली म्हणून धावत गेलो तर बाकीच्या तिघांकडे पाठ होते. मग तिकडं तुटते. आपण गोल फिरायचं. जे सुटलं ते पुढच्या फेरीत, वाटेवर येईल तेव्हा." आणि त्यांनी चालून दाखवलं, खांदे सैल, पाय जमिनीलगत, मान मात्र सतत फिरती. सगळी फेरी मिनिटभराची. हितेशनं विचारलं की चाचा, पाय दुखत नाहीत का. ते म्हणाले, दुखतात, पण एका जागी थांबलं तर जास्त.

उज्मा मान खाली घालून उभी होती. लाजली होती की खूश होती, बाईंना सांगता आलं नसतं.

तास संपल्यावर कासमभाई व्हरांड्यात थांबले. "नोकरीत पण असंच फिरायचं?"

"हो. टेबल असतं, पण दिवसभर टेबलाशी बसून भागत नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू."

"शिफ्ट किती तासांची?"

"आठ. मध्ये जेवायची सुट्टी."

"आठ," ते म्हणाले. तो आकडा त्यांनी तोंडात जरा घोळवला. "बसायचं पण, फिरायचं पण?"

"दोन्ही."

"आठ चालेल." मग जिन्याकडे वळता वळता, "दाखला राहू द्या. माजिदाबीला मी समजावतो."

ते गेल्यावर बाईंनी पिंपातलं पाणी उभ्या उभ्या दोन पेले प्यायलं. छातीवरून कुणी भरलेलं पोतं उचलून नेल्यासारखं वाटत होतं. चिंधूमामा खालून धापा टाकत वर आले.

"गेला का बाप?"

"गेला."

"आनि पोर?"

"पोर हाय," बाई म्हणाल्या. माहेरची बोली त्या कॉलेजात कधी बोलायच्या नाहीत. चिंधूमामा नुसते हसले आणि फडकं भिजवायला गेले.

लेखी तक्रार आली नाही. माजिदाबी मात्र गॅलरीतून विचारू लागल्या, काय गं, आज किती फेऱ्या? वर्षअखेरीला उज्मा बाकावर बसून तीन तासांचा पेपर लिहून आली आणि पास झाली. मग अंजूरच्याच एका गोदामात लागली. आठ तासांची शिफ्ट, भिंतीला लागून एक टेबल, टेबलाला एक खुर्ची, आणि मागे मालाच्या लांबच लांब रांगा. पहिल्या महिन्यात तिला कुणी परत पाठवलं नाही, दुसऱ्यातही नाही. बाईंनी सुपरवायझरला फोन करून विचारायचं ठरवलं होतं, मग ते राहून गेलं, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात बाईंना अंबाडीच्या कॉलेजात कायमची जागा मिळाली. जाण्याआधी त्या माहेरी आल्या होत्या. संध्याकाळी अंजूरच्या नाक्यावर भिवंडीच्या रिक्षाची वाट बघताना त्यांना उज्मा भेटली, शिफ्ट संपवून निघालेली, हातात डबा. दोघी बोलत उभ्या राहिल्या. गोदामात आता तिच्या हाताखाली तीन पोरं होती, आणि ती त्यांना आधी कागद शेवटपर्यंत वाचायला लावायची. अब्बांनी रात्रपाळी सोडली होती. अंबाडी लांब पडेल का, असं उज्मानं विचारलं. बाई म्हणाल्या, एवढं काही लांब नाही. त्या संध्याकाळनंतर मात्र दोघींची गाठ पडली नाही.

रिक्षा आली ती भरलेली, एकाच माणसाची जागा. उज्मा मागे सरकली, बाईंना आधी जायला सांगू लागली. बाईंनी तिच्या पाठीला हात लावून तिला पुढे केलं.

"तू जा गं. घरी वाट बघत असतील. मी मागची पकडते."