संत्र्याच्या झाडाखालचे निर्माल्य
शेवंती वाळू लागली, की तिच्या कडवट वासाबरोबर मला जपानमधल्या एदोगावा भागातला आमचा पहिला गणेशोत्सव आठवतो. मूर्तीचे विसर्जन बादलीत झाले. पण दहा दिवसांचे निर्माल्य पिशवीत भरून बाल्कनीतच राहिले, कारण इथे नदीत काहीही टाकता येत नाही. "उद्या जाळायचा कचरा न्यायचा वार आहे," नवरा म्हणाला. "अहो, देवाची फुले कचऱ्यात?" "मग काय विमानाने मुठेत पाठवू?" तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वृद्ध घरमालकीणबाई दारात आल्या. वासाची तक्रार असणार, या भीतीने मी आधीच क्षमा मागितली आणि अडचण सांगितली. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिले. "माझा जन्म ब्राझीलमधला," त्या म्हणाल्या. "आईवडील इथून तिकडे गेलेले, कॉफीच्या मळ्यावर मजूर होते. जवळपास आमचे देऊळ नव्हते. पूर्वजांना वाहिलेली फुले आई कॉफीच्या झाडाखाली पुरायची. चला, खुरपे माझ्याकडे आहे." त्यांच्या अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली आम्ही तिघांनी खड्डा केला. माती लोटून झाल्यावर त्यांनीही हात जोडले, आणि माझा जीव एकदम हलका झाला. आता दर हिवाळ्यात बाई त्या झाडाची संत्री आमच्या देवापुढे ठेवायला आणून देतात. पहिले संत्रे मात्र त्यांच्या आईच्या फोटोपुढे असते.