ब्लूटूथने गेलेला खडक

ताई समुद्राला भीत नसत, पण लोकांच्या फोनात काही टाकायचं म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. स्मार्टफोन तेव्हा नुकते हातात येऊ लागले होते. ताईंच्या दादरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, जिथे मी कामाला होतो, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक अॅप मागायचं आणि ताई त्याला वेबसाइटच घ्यायला सांगायच्या. "वेबसाइटवर चूक झाली तर मी इथं बसून सुधारते, सगळ्यांना लगेच सुधारलेलं दिसतं. फोनात टाकलेली चूक त्या माणसाबरोबर फिरते. तिला परत कशी बोलावणार?" गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि दुसऱ्या कुणाकडून तरी अॅप करून घ्यायचं.

मी तालुक्याच्या गावात शिकलो. घरातला पहिला पदवीधर. मुंबईत मुलाखतीला इंग्रजीत प्रश्न आला की मी अडखळायचो. ताईंनी मराठीत एकच विचारलं, हातून काही बिघडलं तर आधी काय करतोस? मी खरं ते सांगितलं, घाबरतो. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगितलं. त्या उत्तरावर नोकरी कशी मिळाली, हे मला बरेच महिने उमगलं नाही. त्या नोकरीवर माझ्या धाकट्या बहिणींची शिक्षणं झाली.

ताई वरळी कोळीवाड्यातल्या. आई मासळी विकायची, धाकटा भाऊ तांडेल होता, म्हणजे होडी त्याच्या हुकमात चालायची. ऑफिसात हळू बोलणाऱ्या ताई भावाचा फोन आला की अशा बोलायच्या, की जिन्यावरची माणसं थांबायची. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. ओहोटीला समोरचं धड दिसत नसलं, तर होडीचा तळ फाटू शकतो. म्हणून ताईंनी कोळीवाड्यासाठी एक वेबसाइट केली. नकाशावर खडक आणि आपली होडी कुठे आहे तो ठिपका. किनाऱ्यावर ती झकास चालली. समुद्रात रेंज गेली आणि पान कोरं झालं. भाऊ ऑफिसात येऊन म्हणाला, "ताई, तुझी वेबसाइट लय हुशार हाय. घरी बसलो की बरोबर रस्ता दावते."

रेंजशिवाय चालायचं तर सगळं फोनातच ठेवणं भाग होतं. ताई कशाबशा तयार झाल्या. अॅप झालं, आणि ते फक्त भावाच्या फोनात टाकलं, वापरून बघण्यापुरतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी त्या खडकांच्या जागा पुन्हा ताडून बघत होत्या. बघता बघता त्यांचा हात थांबला. एका खडकाच्या अक्षांशातले दोन आकडे उलटसुलट पडले होते, त्यांच्याच हातून. नकाशात खडक बाजूला सरकला होता आणि तो खरोखर जिथे आहे, तिथे मोकळं पाणी दिसत होतं. त्यांनी भावाला फोन लावून अॅप काढून टाकायला सांगितलं. तो पलीकडून कौतुकानं काहीतरी सांगत राहिला. बहिणीनं केलेलं म्हणून त्यानं ते ब्लूटूथने बंदरावर वाटलं होतं. पुढे कुणी कुणाला दिलं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

आम्ही टॅक्सीनं कोळीवाड्यात गेलो. बंदरावर त्या होडीहोडीशी जाऊन फोन मागून घेत होत्या आणि मी अॅप काढत होतो. बायका जाळ्यांपाशी बसून विचारत होत्या, काय झालं, फोनला रोग आला काय. एक होडी मात्र बाहेर होती. तिचा तांडेल नवा, नुकतंच लग्न झालेला. त्याच्याही फोनात ते होतं. दुपार कलली, समुद्रावर धुरकट धुकं पसरलं, पाणी उतरत चाललं. त्याचा फोन लागेना.

कदाचित काही होणारही नाही, होडी परत येईपर्यंत ताई काही सांगणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या सरळ त्याच्या आईपाशी जाऊन बसल्या आणि सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू पास झालीस तवा आम्ही पेढे खाल्ले गो." एवढंच. ताईंनी मान खाली घातली, पण तिथून हलल्या नाहीत.

होडी दिसली ती बंदराबाहेर थांबलेली. पुढे येईना. खडकावर बसली की काय, कुणाला कळेना. म्हातारीची नवी सून घराच्या दाराशी उभी होती, तिला कुणी काही सांगेना. संध्याकाळी पाणी चढलं, तेव्हा कुठे होडी सावकाश आत आली. तांडेल उतरून म्हणाला, फोनात खडक एकीकडे आणि माझ्या डोक्यात दुसरीकडे, म्हटलं पाणी चढू दे.

भावाला हसू आलं. आम्हाला खडक पाठ आहेत, उगाच जीव घाबरा केलास, असं तो म्हणाला.

ताई हसल्या नाहीत. "तुला पाठ आहेत. तुझा पोरगा फोनात बघून शिकणार."

पुढे चूक सुधारून अॅप कोळीवाड्यात परत दिलं. त्यानंतर त्यात काहीही बदललं की ते द्यायच्या आधी ताई स्वतः होडीत चढायच्या. तिथल्या बायका होडी घेऊन समुद्रात जात नाहीत. लोक बोलले, आईही बोलली. ताई मलाही न्यायच्या. मला पोहता येत नाही. फोनची रेंज बंद करून आम्ही ओहोटीला एकेका खडकाजवळून जायचो. मी डोळे मिटले की त्या म्हणायच्या, "उघड. बघायलाच आलोय."

गेल्या वर्षी ताई वारल्या. अॅप माझ्याकडे आलं. मी आता मोठ्या कंपनीत आहे. तिथे दर आठवड्याला लाखो फोनांत नवं काहीतरी जातं आणि पाठवणारे जेवायला जातात. मी मात्र त्या दिवशी डबा बाजूला ठेवून सगळं पुन्हा ताडून बघतो.

भावाचा मुलगा आता तांडेल आहे. गुणी पोरगा, मला काका म्हणतो. अॅपमध्ये बदल केला की सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या होडीत बसतो. मागच्या खेपेला बंदराच्या तोंडाशी आल्यावर मी विचारलं, फोन खिशात ठेवून होडी आत नेशील का?

तो म्हणाला, "कशाला काका? तुम्ही केलंय ना ते."

त्याची नजर फोनवर होती. मी होडीचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि पुढच्या पाण्याकडे बघत राहिलो.