कारण सांगायची घाई न करणारे खिल्लारे सर

खिल्लारे सरांची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी सपशेल फजिती. मोठ्या दहशतवादी हल्ल्यांची कारणे हा माझा पीएच.डी.चा विषय. चुडाव्याहून रेल्वेने परभणीला आलो आणि आराखडा सरांपुढे ठेवला. पहिल्याच पानावर ठोकून दिले होते, मूळ कारण गरिबी. सर हसले. पेडगावची बोली त्यांनी कधी सोडली नाही. "गरिबीनंच बॉम्ब फुटत असते, तर आपल्या जिल्ह्यात एक भिंत उभी राह्यली नसती. पुन्हा लिहा."

राज्यशास्त्राच्या या प्राध्यापकांच्या वहीत प्रत्येक हल्ल्याला दोन पाने असत. डावीकडे काय घडले ते शाईने. उजवे पान, का घडले याचे, तपास पूर्ण होईपर्यंत कोरे. गर्दीची जागा, महिनोन्महिन्यांची तयारी, द्वेष शिकवणारी संघटना, कानाआड केलेले इशारे, सगळे ते सावकाश जुळवत. वर्गात सांगत, "मेलेल्यांपेक्षा वाचलेल्यांवर त्यांचा नेम असतो. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला भ्यावं, एवढंच त्यांना पायजे असतंय."

एवढे ऐकूनही मी गाढवपणा केलाच. दूरच्या एका शहरात स्फोट झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी स्थानिक दैनिकात लिहिले, आपल्याही मोहल्ल्यांवर नजर ठेवा. आठवड्याभरात आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल सलीमभाई यांच्याशी मुले बोलेनाशी झाली. सलीमभाईंनी राजीनामा लिहिला.

सर तेव्हा निवृत्त झाले होते. ऑटोने कॉलेजात आले आणि मला थेट वाचनालयात घेऊन गेले. ओरडले असते तर बरे वाटले असते! एवढेच म्हणाले, "चूक छापून केली न्हवं? मग माफी कोपऱ्यात मागून न्हाई चालत."

भरल्या वाचनालयात मी कबूल केले की मला काहीही ठाऊक नव्हते, तरी लिहिले. शेजारी उभे राहून सरांनी हात जोडले. "विद्यार्थी माझा हाय, म्हणून चूक माझीबी हाय, सलीमभाई."

सलीमभाईंनी राजीनामा फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला. "सर, तुमी बोलले म्हणून थांबतो. यांचं बघू पुढं."

माफीचा मजकूर मी त्याच दैनिकात दिला. हळूहळू मुले पुन्हा त्यांच्या टेबलाशी येऊ लागली. माझ्याशी बोलायला सलीमभाईंनी वर्ष घेतले, आणि ते योग्यच होते.

सर आता पंचाहत्तरीचे झाले. गुडघे कुरकुरतात, डोके मात्र ठणठणीत आहे. त्यांना शंभरी लाभो, हे माझे मागणे निव्वळ स्वार्थाचे आहे. असा हल्ला पुन्हा कुठेही न होवो. झालाच, तर पहिल्या दिवशी माझा लिहिता हात धरायला सर हवेत.