मामाच्या दोन सुऱ्या

आखाडा बाळापुरात माझ्या मामाइतका हट्टी माणूस दुसरा नाही, आणि मी त्याच्यावर जळतो तेवढा आजवर कुणावर जळलेलो नाही. मामा कोंबड्या कापतो. मी पत्रकं लिहितो. 'चिकनच्या दुकानांतील घाण आणि जनतेचे आरोग्य' हे पत्रक मी बाजारच्या दिवशी घसा बसेस्तोवर ओरडून वाटलं. लोकांनी त्यावर भजी खाल्ली. मामा मात्र एक घोषणा न देता लोकांना रांगेत उभं करतो.

बाकीच्या दुकानांत पिसं काढायला कोंबड्या बुडवतात ते गरम पाणी दिवसभर एकच. मामा चार कोंबड्या झाल्या की पाणी ओतून नवं तापवतो. घाई करणाऱ्याला विचारतो, "काहून? शेजाऱ्याच्या आंघोळीच्या पाण्यात तुमी बसता का?" सुऱ्याही दोन, लाल दोरी बांधलेली आतड्यांसाठी, दुसरी मांसासाठी. दोरीवाली दुसऱ्या कामाला वापरलीत तर मामा तुमच्याशी आठवडाभर बोलत नाही. एकदा सरपंचाच्या कोंबडीचं आतडं फुटलं आणि घाण मांसावर सांडली. मामा ती अख्खी पुरायला निघाला.

"अरे, धुऊन दे की!"

"धुतल्यानं जंतू मरत न्हाईत, सरपंच. शिंतोड्यासंगं गावभर फिरतात. बसा, दुसरी कापतो."

ज्या सरपंचानं माझं एकही निवेदन उघडलं नाही, तो अर्धा तास गुमान बाकावर बसला!

पुढे ताई सातव्या महिन्यात माहेरी आली. मामानं घरी कोंबडी आणली. मी विळीवर तिचे तुकडे केले आणि त्याला पत्रकातले मुद्दे ऐकवता ऐकवता त्याच विळीवर तोंडी लावायचा कांदा चिरला. ताईनं फोड उचलली तोच मामानं तिच्या हातावर चापट मारली.

"येवढं लिवतोस, आन् पोटुशीला कोंबडीचं कच्चं पाणी लागलेला कांदा खाऊ घालून राहिलास? तुझ्या कागदात विळीचं न्हाई का काही?"

नव्हतं. शासन होतं, व्यवस्था होती, विळी नव्हती.

दुसऱ्या आवृत्तीत मी विळी, पाणी, दोन सुऱ्या, सगळं घातलं. मामाचं नाव मात्र गाळलं. मुद्दाम. ते पत्रक त्यानं दुकानात, पाणी उडणार नाही इतक्या उंच लावलंय. "वाचा," तो गिऱ्हाइकांना सांगतो, "आमच्या भाच्यानं लिवलं. बराबर लिवलंय."

आता लोक माझं पत्रक माना वर करून वाचतात. मी रांगेत शेवटी उभा असतो, आणि तळाशी छापलेलं माझं एकट्याचं नाव काही केल्या वर मान करून वाचवत नाही.