लेकराला नायटा, सुनेला महारोग

निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. आमच्या भुऱ्या मांजरीच्या कानामागचे केस गोल झडले होते, पण तिकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. पंचमीला माहेरी आलेली माझी थोरली बहीण तिला कुशीत घेऊन निजायची, मीही निजायचे. बहीण सेनगावाकडं सासरी परतली आणि तिच्या दंडावर गोल, लालसर चट्टा उठला. तसाच चट्टा माझ्या मानेवर उठला.

मायनं माझी मान पाहिली, "नायटा हाय, मांजरीचा," म्हणाली आणि टाकळ्याचा पाला वाटून लावला. झालं! बहिणीचा दंड तिच्या सासूनं पाहिला. हिंगोलीच्या दवाखान्यात दाखवावं, एवढाही दम त्या बाईनं धरला नाही. महारोग म्हणून बहिणीला बैलगाडीत घालून आमच्या दारात आणून सोडलं. मी लेकरू होते आणि ती सून होती, एवढाच काय तो फरक. गावातल्या बाया तिला आडावर घागर लावू देईनात.

त्याच पाल्यानं माझी मान साफ झाली, तिचा दंडही. आबा आनंदानं तिच्या सासरी सांगायला गेले, तर तिथं मांडव उतरत होता. नवऱ्यानं दुसरी केली होती.

परत येऊन आबांनी हे ओसरीवर सांगितलं, तेव्हा मांजर बहिणीच्या मांडीवर चढत होती. मायनं केरसुणी उगारली.

बहीण म्हणाली, "राहू दे, माय. मला शिवणारी तेवढी हीच हाय."